दहावी आणि चित्रकलेचा क्लास

जून लागला की डोके दुखते, पोट दुखते म्हणून दहावीची मुले दवाखान्यात येऊ लागतात. चष्म्याचा नंबर, जंत, रक्तक्षय हे पाहायलाच हवे. पण पुष्कळदा तपासणीत काही सापडत नाही. मग मी दिवसाचा हिशेब विचारतो. एका मुलीचा असा निघाला: शाळा ६ तास, शिकवण्या ४, गृहपाठ ३ आणि झोप जेमतेम ६. या वयात झोप ८ ते १० तास हवी. वाचलेले डोक्यात पक्के बसते तेही झोपेतच.

पालक सांगतात, "डॉक्टर, चित्रकलेचा क्लास बंद केलाय." अहो, आठवड्यातले ते दोन तास! त्यापेक्षा गणिताची दुसरी शिकवणी बंद करून पाहा. चित्रकला, तबला हा मुलांचा विसावा आहे. क्लास मात्र रात्री नको, शाळा सुटल्यावर लगेच असावा. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा नववीतच उरकावी. तिच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुणही मिळतात. रात्री दहानंतर पुस्तक आणि मोबाईल दोन्ही बाजूला ठेवावेत.

डोकेदुखीबरोबर उलट्या, ताप किंवा अंधुक दिसणे असेल, तर वेळापत्रक मांडत बसू नये; मुलाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.