स्पॅनिश शिकणारे धर्मसेवक आणि कुएर्नाव्हाकाची शाळा

ऑगस्ट १९६१मध्ये अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठात कॅथलिक धर्मसंघांचे, म्हणजे ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन यांची व्रते घेतलेल्या स्त्रीपुरुषांच्या संघांचे, प्रमुख जमले असताना पोप तेविसावे जॉन यांच्या वतीने आगोस्तिनो कासारोली यांनी त्यांच्यापुढे असे आवाहन मांडले की, प्रत्येक संघाने येत्या दहा वर्षांत आपल्या मनुष्यबळाचा दहावा हिस्सा लॅटिन अमेरिकेत पाठवावा. त्या खंडातील बहुसंख्य लोक कॅथलिक असूनही तेथे धर्मगुरूंची संख्या फार तोकडी होती आणि क्यूबातील क्रांतीनंतर साम्यवादाच्या प्रसाराची धास्तीही चर्चला वाटू लागली होती. अशा रीतीने उत्तर अमेरिकेतील शेकडो इंग्रजीभाषक धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्यापुढे प्रौढ वयात स्पॅनिश शिकण्याचे काम येऊन ठेपले.

त्या काळी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, जवळजवळ सर्वत्र लॅटिनमध्ये होत असल्यामुळे वेदीपुढे उभ्या असलेल्या धर्मगुरूचे स्थानिक भाषेवाचून फारसे अडत नसे. पण पापनिवेदनाच्या वेळी, जेव्हा एखादी स्त्री जाळीआडून दबक्या आवाजात आपल्या मनातले सल सांगत असते, तेव्हा मध्ये दुभाषा बसवणे कोणालाच मान्य होण्यासारखे नव्हते. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनाही लोकभाषेत होऊ लागली आणि भाषेची निकड आणखी वाढली.

ही निकड ज्याने सर्वांत खोलवर ओळखली तो धर्मगुरू म्हणजे व्हिएन्ना येथे १९२६ साली जन्मलेला इव्हान इलिच. १९५०च्या दशकात पोर्तो रिको बेटावरून न्यूयॉर्कला आलेल्या गरीब स्थलांतरितांमध्ये काम करताना तो स्वतः स्पॅनिश शिकला. १९५६ साली न्यूयॉर्क धर्मप्रांतातील शिक्षक, समाजसेवक आणि धर्मसेवक अशा शेकडो लोकांना थोड्या अवधीत स्पॅनिश शिकवण्याची गरज पडली, तेव्हाची हकिगत त्याने ‘डीस्कूलिंग सोसायटी’ या १९७१च्या पुस्तकात नोंदवली आहे. त्याच्या एका मित्राने स्पॅनिश रेडिओवरून हार्लेम वस्तीतील स्पॅनिशभाषकांना बोलावले. दुसऱ्याच दिवशी सुमारे दोनशे तरुण पोरे दारात रांग लावून उभी राहिली आणि त्यांतून निवडलेल्या चार डझनांपैकी अनेकांनी शाळा अर्धवट सोडलेली होती. परराष्ट्र सेवेसाठी तयार केलेले, उच्चशिक्षित भाषातज्ज्ञांनी वापरायचे पाठ्यपुस्तक त्यांना आठवडाभरात समजावून दिले गेले, प्रत्येकाच्या हाती चार विद्यार्थी सोपवले गेले आणि सहा महिन्यांत काम फत्ते झाले. शाळेने नापास ठरवलेली मुले सुशिक्षितांचे गुरू होऊ शकतात, हा अनुभव इलिचच्या पुढील सर्व विचारांच्या मुळाशी आहे.

१९६१ साली त्याने मेक्सिको सिटीच्या दक्षिणेस कुएर्नाव्हाका या गावी मिशनऱ्यांसाठी प्रशिक्षण केंद्र उभारले. तेथील वर्गात स्थानिक शिक्षक एक वाक्य म्हणत असे, विद्यार्थी ते तसेच म्हणत, मग त्यातला एकेक शब्द बदलून तेच वाक्य पुन्हा पुन्हा घोटून घेतले जाई, आणि हा क्रम रोज कित्येक तास चाले. नामाच्या लिंगानुसार विशेषण बदलणे किंवा क्रियापदाच्या रूपावरूनच कर्ता ओळखणे मराठी माणसाला अंगवळणी पडलेले असते. इंग्रजीत वाढलेल्या माणसाला मात्र दर वाक्याला तेथे अडखळावे लागते, आणि जिभेचे टोक टाळूजवळ थरथरवून काढायचा लांब ‘र’ साधेपर्यंत त्याची पुरती दमछाक होते. आपल्या गावी ज्याच्या शब्दाला मान होता अशा पन्नाशीच्या धर्मगुरूला येथे एखाद्या विशीतल्या शिक्षकाने वीस वेळा दुरुस्त करावे, यात शिक्षणाचा फार मोठा भाग सामावलेला होता, कारण पुढे ज्या गरिबांमध्ये राहायचे त्यांच्याकडून शिकून घेण्याची तयारी याच खोलीत अजमावली जात असे. ज्यांना हे सोसत नसे ते अभ्यासक्रम अर्धवट टाकून परतत, आणि इलिचला त्यात काही वावगे वाटत नसे.

परभाषेतील शब्दांपेक्षा तिच्यातील मौन शिकणे अवघड, असे तो मिशनऱ्यांना सांगत असे. समोरचा माणूस कोठे थांबतो, कशाचे उत्तर टाळतो, केव्हा केवळ सोबतीला बसतो, हे उमगल्याखेरीज भाषा आली असे त्याच्या मते म्हणता येत नाही. त्यासाठी काही महिने पुरे पडत नाहीत, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. १५७९ साली गोव्यात आलेल्या इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठीतील ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली, तब्बल ३७ वर्षांनी, छापून आले.

भाषा शिकवता शिकवता इलिच मात्र या साऱ्या मोहिमेलाच विरोध करू लागला. परदेशी पैसा आणि परदेशी माणसे यांच्या ओघामुळे लॅटिन अमेरिकेतील चर्च परावलंबी बनते आणि अमेरिकी जीवनशैलीचा प्रचार धर्माच्या नावाखाली होतो, असे त्याने १९६७ साली एका कॅथलिक नियतकालिकात स्पष्टपणे लिहिले. त्याचे बोलणे कठोर होते, पण अन्याय्य नव्हते. चांगल्या हेतूने आलेला माणूसही यजमानाला न विचारता त्याच्या घराची मांडणी बदलू लागतो, हे त्याने जवळून पाहिले होते. व्हॅटिकनने त्याची चौकशी केली, १९६९ साली तो धर्मगुरूच्या कार्यापासून दूर झाला आणि १९७६ साली केंद्र बंद झाले. दहाव्या हिश्श्याचे उद्दिष्ट तर कधीच गाठले गेले नाही.

मिशनऱ्यांचे स्पॅनिश शिकणे अर्थातच थांबले नाही, आणि ते केवळ उत्तर अमेरिकेपुरतेही उरले नव्हते. मदर तेरेसा यांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघाने भारताबाहेरचे आपले पहिले घर १९६५ साली व्हेनेझुएलातील कोकोरोते या गावी उघडले, तेव्हा कोलकात्याहून गेलेल्या भगिनींनाही हीच पाटी गिरवावी लागली. बोलिव्हियातील कोचाबांबा येथे मेरीनोल या मिशनरी संघाने चालवलेल्या भाषासंस्थेत स्पॅनिशबरोबर केचुआ आणि आयमारा या मूलनिवासींच्या भाषाही शिकवल्या गेल्या. कारण अँडीज पर्वतातील अनेक गावांत स्पॅनिश ही कचेरीची आणि बाजाराची भाषा असते, चुलीपाशी आणि आजाऱ्याच्या उशाशी मात्र केचुआ बोलली जाते. तेथे नेमणूक झालेल्या मिशनऱ्याला स्पॅनिश बऱ्यापैकी जमू लागताच केचुआच्या वर्गात पुन्हा पहिल्या बाकावर जाऊन बसावे लागे.