‘पिल्लं नक्की दिसतील ना?’ वेळासच्या कासव महोत्सवात मी शिकलेला धडा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ग्राहकाला शब्द देण्याबद्दल बोललो. त्यात एक किस्सा सांगायचा राहून गेला. किस्सा माझ्याच चुकीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाच्या माद्या रात्री येतात, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात आणि परत समुद्रात जातात. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, उरलेली कुत्री-कोल्हे खायचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन इथे संवर्धन सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला.

गावाने नेमकं काय केलं?

पहाटे किनारा फिरून मादीच्या पावलांच्या खुणांवरून घरटं शोधायचं. अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. तारीख लिहून ठेवायची. साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिल्लं वाळूतून वर येतात. मग सकाळी किंवा संध्याकाळी ती किनाऱ्यावर सोडतात आणि ती स्वतः चालत समुद्रात जातात. हे बघायला लोक येतात, गावकऱ्यांच्या घरी राहतात, तिथेच जेवतात. म्हणजे कासव वाचलं तर चार घरांत पैसा येतो. ज्या अंड्यांची एकदाच विक्री व्हायची, तीच आता जपली की दर वर्षी पाहुणे आणतात.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी मी माझ्या दुकानाच्या नेहमीच्या १४ ग्राहकांना घेऊन वेळासला गेले. दुकानाला जोडधंदा म्हणून सहली काढायच्या, असा विचार होता. मेसेजमध्ये मी बिनधास्त लिहिलं: ‘पिल्लं शंभर टक्के दिसणार!’

शनिवारी संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. एकही पिल्लू नाही. रविवारी पहाटे उठून परत गेलो. तेव्हाही नाही. एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. ते शांतपणे म्हणाले, “ताई, तुम्ही शंभर टक्के म्हणाला होतात.” मला मान वर करता येईना.

आता गंमत बघा. ज्या काकूंच्या घरी आम्ही उतरलो होतो, त्यांच्यावर कुणीच रागावलं नव्हतं. उलट निघताना सगळ्यांनी त्यांचा नंबर घेतला. कारण बुकिंगच्या फोनवरच त्या मला म्हणाल्या होत्या, “पिल्लांचं आम्ही नाही हो सांगू शकत. यायची तेव्हा येतील. जेवणाखाण्याचं मात्र बघायला नको.” हे वाक्य मी ग्राहकांपर्यंत पोचवलंच नाही. ‘असं सांगितलं तर बुकिंग कमी होईल’ अशी भीती होती ना!

काकूंनी जे हातात होतं त्याचाच शब्द दिला. गरम घावन, सोलकढी, स्वच्छ अंथरूण. गावातल्या एका कासवमित्राने घरट्याजवळ उभं राहून समजावलं की वाळू गार असेल तर पिल्लांना जास्त दिवस लागतात, आणि वाळू जास्त तापली तर माद्या जास्त जन्मतात. मुलं ऐकतच राहिली. नाना फडणवीसांचं गाव म्हणून वेळासची ओळख आहे, शिवाय सावित्री नदीच्या मुखाशी असलेला बाणकोट किल्ला जवळच. दोन्ही बघता आलं असतं. पण माझ्या नियोजनात त्याला वेळच नव्हता, कारण मी फक्त पिल्लं विकली होती.

परत आल्यावर मी प्रत्येकाला ५०० रुपये परत केले. ७,००० रुपये गेले. ते आजोबा मात्र त्यानंतर दुकानात आले नाहीत. तो तोटा कुठल्या वहीत मांडायचा?

हिशेब मांडून बघा

अशा महोत्सवाच्या जोरावर धंदा करायचा असेल तर आधी कागद-पेन घ्या. समजा तुमच्या घरी ८ माणसं राहू शकतात, हंगामात ८ शनिवार-रविवार भरले आणि जेवणासकट माणशी १,००० रुपये मिळाले. एकूण ६४,०००. किराणा, मदतनीस, अंथरूण-धुलाई यात २८,००० गेले तर उरले ३६,०००. वर्षावर वाटले तर महिना ३,०००. जोडउत्पन्न म्हणून छान, पण नोकरी सोडण्याइतकं नाही. म्हणून कोकम, आमसुलं, कुळीथ पीठ असं घरचं काहीतरी सोबत ठेवा. पाहुणा गेल्यावरही त्याची ऑर्डर येत राहते.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. फोटोच्या नादात कुणी फ्लॅश मारत असेल, पिल्लू हातात घ्यायला बघत असेल, तर पाहुणा दुखावला तरी चालेल, पण त्याला थांबवा. या कासवांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहेच. शिवाय किनाराच सुना झाला तर तुमच्याकडे येणार कोण?

आता तुमचा गृहपाठ

तुमच्या भागात देवराई असेल, काजवे असतील, जुना किल्ला असेल. वहीत दोन रकाने पाडा. एकात ‘माझ्या हातात आहे’, दुसऱ्यात ‘माझ्या हातात नाही’. जाहिरातीत पहिल्या रकान्याचाच शब्द द्यायचा. दुसरा रकाना बुकिंग घेण्याआधी तोंडाने सांगायचा, पैसे घेतल्यावर नाही.

मी पुढच्या वर्षी परत वेळासला गेले. मेसेजमध्ये लिहिलं, ‘पिल्लं दिसतील की नाही सांगता येत नाही. बाकी सगळं छान आहे.’ या वेळी ९ जणच आले. रविवारी सकाळी पिल्लं निघाली. नसती निघाली तरी मला मान खाली घालावी लागली नसती.

भेटू पुढच्या व्हिडिओत!