सव्वीस आठवड्यांचा पगार कोणी द्यायचा?

प्रसूती रजेबाबत भारताचा कायदा जगातील उदार कायद्यांत मोडतो, असे अभिमानाने सांगितले जाते आणि ते खोटे नाही. मार्च 2017मध्ये लोकसभेने मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीवर मोहोर उमटवली आणि 1 एप्रिलपासून पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2000 सालच्या करारात किमान 14 आठवड्यांचीच अपेक्षा आहे. मात्र त्याच करारातील आणखी एक कलम आपल्याकडे फारसे वाचले जात नाही. रजेच्या पगाराचा थेट भार एकट्या मालकावर पडू नये, तो सक्तीच्या सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून उचलला जावा, असे ते तत्त्व आहे. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही. आपण रजेचे आठवडे वाढवले. खर्चाचा प्रश्न मात्र होता तिथेच ठेवला. एका आस्थापनेतून दुसऱ्या आस्थापनेत जाताच मातृत्वाच्या हक्काचा अर्थ बदलतो, त्याचे मूळ येथे आहे.

आकडे मांडले की हे स्पष्ट होते. दरमहा 1 लाख रुपये पगार घेणाऱ्या संगणक अभियंतेला रजेच्या काळात सुमारे 6 लाख रुपये मिळतात आणि ते सर्वच्या सर्व तिच्या कंपनीच्या तिजोरीतून जातात. 20 हजार रुपये वेतनाच्या कारखाना कामगार स्त्रीला साधारण 1 लाख 20 हजार मिळतात, परंतु ते कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून. तिच्या रजेसाठी मालकाला वेगळा वेतनखर्च करावा लागत नाही, कारण वेतनाच्या 3.25 टक्के मालक आणि 0.75 टक्के कामगार दरमहा भरतच असतात. हा दर कामगार स्त्री आहे की पुरुष हे पाहून ठरत नाही. तिसरी स्त्री घरकाम करणारी. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. या योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये मिळतात आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर 6,000. अन्नसुरक्षा कायद्याने 2013मध्येच किमान 6,000 रुपयांची हमी दिली होती. पहिल्या अपत्याच्या बाबतीत जननी सुरक्षा योजनेची रक्कम त्यात मिळवून सरकार ही बेरीज जुळवते. कायद्याची अशी अंमलबजावणी हिशेबनिसाला शोभेल, कल्याणकारी राज्याला नव्हे.

या तिघींपैकी मधल्या स्त्रीची व्यवस्था सर्वांत शहाणपणाची आहे. तीच वर्षानुवर्षे आक्रसत गेली, हे दुर्दैव. विमा योजनेची वेतनमर्यादा जानेवारी 2017मध्ये 15 हजारांवरून 21 हजार रुपये झाली आणि पुढे अनेक वर्षे तिथेच राहिली. तीनच महिन्यांनी रजा दुपटीहून अधिक झाली. वेतने वाढत गेली, मर्यादा हलली नाही. साहजिकच एकेक स्त्री पगारवाढीबरोबर विम्याच्या छत्रातून बाहेर पडून थेट मालकाच्या खर्चाच्या वहीत आली. 22 हजार रुपयांच्या नोकरीसाठी एक पुरुष आणि एक स्त्री समोर बसलेले असताना लहान कारखानदाराच्या मनात कोणता हिशेब चालतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. ‘लग्न कधी करणार?’ हा मुलाखतीतील प्रश्न त्या हिशेबातूनच येतो. मालकाची वृत्ती निंद्य आहेच. पण ती वृत्ती फायद्याची ठरावी अशी रचना राज्यानेच करून ठेवली आहे.

सरकारला हे कळत नव्हते असेही नाही. नोव्हेंबर 2018मध्ये श्रम मंत्रालयाने एक प्रस्ताव जाहीर केला होता. 15 हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या, भविष्य निर्वाह निधीच्या सदस्य असलेल्या स्त्रियांच्या रजेपैकी 7 आठवड्यांचा पगार मालकाला परत करण्याचा तो प्रस्ताव होता. पुढे ती योजना उभी राहिली नाही. पाळणाघराच्या तरतुदीत तर कायदा करणाऱ्यांनी नेमके हेच भान दाखवले होते. जुन्या कारखाने कायद्यात 30हून अधिक स्त्री कामगार असतील तरच पाळणाघराची सक्ती होती, म्हणजे तिसाव्या स्त्रीवर थांबले की सुटका. 2017च्या दुरुस्तीने ही अट एकूण 50 कर्मचाऱ्यांवर आणली. स्त्रिया कमी नेमून आता जबाबदारी टाळता येत नाही. ही दृष्टी रजेच्या पगाराला लावण्याचे मात्र राहून गेले.

हा वाद शंभरीकडे झुकलेला आहे. 28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या खर्चाचा बराचसा भाग सरकारने उचलायला हवा हे मान्य केले होते, कारण लोकांचे कल्याण ही प्रथमतः सरकारची जबाबदारी आहे. सरकार ते करत नसेल, तर स्त्रियांच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकावर तो भार टाकणे अन्यायाचे नाही, अशी त्यांची पुढची भूमिका होती. 1929मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. त्यांच्या युक्तिवादाचा उत्तरार्ध देशाने स्वीकारला आणि पूर्वार्ध फाइलबंद केला, असे म्हणावे लागते.

सरकार जेव्हा स्वतः मालक असते, तेव्हा त्याचा हात सैल होतो. केंद्र सरकारच्या स्त्री कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची प्रसूती रजा आहे. शिवाय मूल 18 वर्षांचे होईपर्यंत एकूण 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, पहिले 365 दिवस पूर्ण पगारावर आणि पुढचे 365 दिवस 80 टक्के पगारावर. तमिळनाडूने 2021मध्ये आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांची प्रसूती रजा 9 महिन्यांवरून 12 महिन्यांवर नेली. सिक्कीमनेही 2023मध्ये वर्षभराची रजा जाहीर केली आणि वडिलांना 1 महिना दिला. या निर्णयांचे स्वागतच करायला हवे. पण याच सरकारी यंत्रणेच्या दाराशी उभ्या असलेल्या आशा सेविका केंद्राच्या लेखी आजही मोबदल्यावर काम करणाऱ्या स्वयंसेविका आहेत. दुसऱ्या स्त्रियांना बाळंतपणासाठी रुग्णालयात नेणे हेच त्यांचे काम. कंत्राटी आणि हजेरीपटावरील स्त्रियांना तर न्यायालयाची पायरी चढावी लागली. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील स्त्रियांना हा लाभ देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2000मध्ये दिला, आणि करार संपला तरी पात्र स्त्रीचा 26 आठवड्यांचा हक्क संपत नाही, हे 2023मध्ये सांगण्याची वेळ त्याच न्यायालयावर आली.

वडिलांच्या बाबतीत खासगी क्षेत्रात कायदाच नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांना 15 दिवस मिळतात. अन्यत्र कंपनी देईल ते. आयकियाने भारतात आई आणि वडील दोघांनाही 26 आठवडे देऊ केले, झोमॅटोने 2019मध्ये आणि दियाजिओ इंडियाने 2021मध्ये तेच केले. या धोरणांचे महत्त्व केवळ वडिलांच्या सोयीपुरते नाही. दोघेही सारखेच रजेवर जाणार असतील, तर मुलाखतीत स्त्रीलाच वेगळा प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही. तरीही ही उदारता कर्मचारी म्हणून नोंद असलेल्यांपुरतीच असते. पाठीवर पिशवी अडकवून घरोघर जेवण पोहोचवणारे तरुण कंपनीच्या भाषेत ‘भागीदार’ आहेत, आणि भागीदाराला रजा नसते.

हिंगोलीचे तत्कालीन खासदार दिवंगत राजीव सातव यांचे 2017चे खासगी विधेयक यासाठीच लक्षात ठेवण्याजोगे आहे. असंघटित कामगारांसह सर्व वडिलांना 15 दिवसांची आणि 3 महिन्यांपर्यंत वाढवता येईल अशी रजा त्यात होतीच. पण स्त्री असो वा पुरुष, सर्व कर्मचारी, मालक आणि केंद्र सरकार यांनी वर्गणी भरून एक सामाईक निधी उभारावा, अशीही कल्पना त्यात होती. खासगी विधेयकांच्या नशिबी जे असते, ते त्याच्याही वाट्याला आले. हा विचार हवेतला नव्हता. व्हिएतनाममध्ये सहा महिन्यांच्या प्रसूती रजेचा पगार सामाजिक विमा निधीतून दिला जातो, आणि तो देश काही स्वीडनइतका श्रीमंत नाही.

21 नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने 26 आठवड्यांची तरतूद जशीच्या तशी उचलली आणि विम्याबाहेरच्या स्त्रियांचा पगार मालकाच्याच खात्यावर ठेवला. अ‍ॅपवर चालणाऱ्या कंपन्यांकडून मात्र वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के वर्गणी घेण्याची सोय संहितेत आहे, आणि त्या निधीतून द्यायच्या लाभांत मातृत्व लाभाचाही उल्लेख आहे. स्त्रिया किती नेमल्या यावर ही वर्गणी अवलंबून नाही. अ‍ॅपच्या कंपनीला लागू होणारे हे सूत्र 22 हजार पगार देणाऱ्या कारखान्याला का लागू नये, याचे उत्तर श्रम मंत्रालयाने द्यायला हवे. तूर्त विमा योजनेची मर्यादा वेतनवाढीशी कायमची जोडायची म्हटले, तर त्यासाठी संसदेत नवे विधेयक आणण्याचीही गरज नाही.