दुर्बिणीचा भार मानेवर नको

दिवाळी झाली की आपल्याकडच्या तळ्यांवर आणि धरणांच्या पाण्यावर पाहुणे पक्षी उतरू लागतात. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर, उजनीच्या पाण्यालगतचे भिगवण अशा ठिकाणी पहाटेपासून दुर्बीण घेतलेली माणसे दिसतात. नांदूर मध्यमेश्वरला २०२० साली रामसर यादीत स्थान मिळाले. तो मान मिळालेली ती महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा. या छंदात निवृत्त मंडळी बरीच आहेत आणि डॉक्टर म्हणून मला त्याचा आनंदच आहे. चालणे होते, मोकळी हवा मिळते, मन रमते.

पण संक्रांतीच्या सुमारास यांपैकी काहीजण दवाखान्यात येतात. मान धरली, खांदा भरून आला, हात थरथरतो, अशा त्यांच्या तक्रारी असतात. गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षक आले. वय ६४. मुलाने त्यांना १० बाय ५० ची मोठी दुर्बीण भेट दिली होती. तिच्यातून पाहताना चित्र इतके हलू लागले की, आपल्याला कंपवात झाला अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी तळ्यावर जाणे बंद केले आणि घरातही कोणाला काही सांगितले नाही. तपासणीत कंपवाताचे एकही लक्षण नव्हते. त्यांना औषधाची गरज नव्हती, दुर्बिणीला आधार हवा होता.

हात का थरथरतो?

प्रत्येक निरोगी माणसाचा हात सतत किंचित हलत असतो. तो डोळ्याला दिसत नाही. १० पट मोठे दाखवणारी दुर्बीण पक्ष्याबरोबर हा कंपही १० पट मोठा करते. त्यात स्नायूंवरचा भार धरावा. दुर्बिणीचे वजन पाऊण ते एक किलो. पण ६० किलो वजनाच्या माणसाचा एकेक हात सुमारे ३ किलोचा असतो. म्हणजे दुर्बीण डोळ्याला लावून उभे राहिले की मान आणि खांद्यांचे स्नायू जवळजवळ ७ किलो वजन तोलून धरतात. आवळून राहिलेल्या स्नायूला रक्तपुरवठा कमी पडतो, तो लवकर थकतो आणि थकलेला स्नायू जास्त थरथरतो. मणक्याची झीज असलेल्यांना, तसेच मधुमेहामुळे खांदा आखडलेल्यांना हा त्रास आधी होतो.

उपाशीपोटी घेतलेला कडक चहा, अपुरी झोप, तंबाखू आणि दम्याची काही औषधे यांनीही कंप वाढतो.

तिवई निवडताना

दुर्बीण तिवईवर, म्हणजे ट्रायपॉडवर लावून पाहण्याची पद्धत अमेरिकेतील डोंगराळ भागात पायी हिंडणाऱ्या शिकाऱ्यांमध्ये चांगलीच रुळलेली आहे. अनेक दिवसांचे सामान पाठीवर असल्याने ते वजनाचा बारकाईने हिशेब करतात, आणि एका जागी बसून समोरचा उतार तासन्‌तास न्याहाळतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मात्र कमी वजन आणि बसून पाहणे या त्यांच्या दोन गोष्टी आपल्या पक्षीमित्रांनी जरूर घ्याव्यात.

पहिली गोष्ट, आपल्या दुर्बिणीला ट्रायपॉड जोडता येतो का ते पाहावे. दोन नळ्यांमधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला बहुतेक वेळा लहान टोपण असते. ते फिरवून काढले की आत पाव इंची आट्यांचे भोक दिसते. त्यात इंग्रजी एल अक्षरासारखा अडॅप्टर बसतो. सगळ्याच दुर्बिणींना ही सोय नसते. म्हणून दुकानात जाताना दुर्बीण बरोबर न्यावी.

दुसरी गोष्ट उंची. ट्रायपॉड ठेंगणा असला की माणूस वाकून पाहतो, आणि मानेचे दुखणे कमरेत उतरते. समजा आपली उंची १६५ सेंटिमीटर आहे. डोळे सुमारे १५३ सेंटिमीटरवर येतात. ट्रायपॉडचे हेड आणि अडॅप्टर मिळून १५ ते २० सेंटिमीटर उंची वाढते. म्हणजे उभ्याने पाहण्यासाठी नुसते पाय सुमारे १३५ सेंटिमीटर उघडणारे हवेत. मधला दांडा वर ओढून उंची गाठू नये. वाऱ्याची झुळूक आली तरी तो हलतो.

वयस्कर मंडळींना माझा सल्ला बसून पाहण्याचाच असतो. घडीच्या खुर्चीवर बसले की डोळे जमिनीपासून साधारण ११० ते ११५ सेंटिमीटरवर येतात. मग ९५ ते १०० सेंटिमीटर उंचीचे पाय पुरतात आणि सुमारे एक किलोचा छोटा ट्रायपॉड चालतो. पाठ टेकलेली राहते, गुडघ्यांना आराम मिळतो. खुर्ची मात्र गुडघ्याच्या उंचीची असावी. फार बुटक्या स्टुलावरून उठताना गुडघे कुरकुरतात आणि तोल जातो.

तिसरी गोष्ट वजन. हेड धरून सव्वा ते दीड किलोच्या वर जाऊ नये. कॅमेऱ्यासाठीचा तीन किलोचा दणकट ट्रायपॉड दुर्बिणीला लागत नाही. कार्बन फायबरचा ट्रायपॉड त्याच मापाच्या ॲल्युमिनियमच्या ट्रायपॉडपेक्षा साधारण पाव किलोने हलका असतो आणि त्यातील कंप लवकर शमतो, पण किंमत बरीच जास्त असते. गाडी तळ्याच्या काठापर्यंत जात असेल तर ॲल्युमिनियम पुरे. दोन-तीन किलोमीटर चालायचे असेल आणि पाठ दुखरी असेल, तर पाव किलोचाही फरक जाणवतो.

चौथी गोष्ट म्हणजे पायांचे टप्पे. पाच टप्प्यांचा पाय घडी केल्यावर पिशवीत मावतो, पण खालचा टप्पा काडीसारखा बारीक असतो. तीन किंवा चार टप्प्यांचा जास्त स्थिर. पाण्यावरचे पक्षी पाहताना दुर्बीण आडवी फिरवावी लागते, म्हणून दांडी धरून सावकाश फिरणारे हेड सोयीचे. गोळ्यावर फिरणारे हेड हलके असते, पण सैल केले की दुर्बीण कलंडते.

दुकानात ट्रायपॉड पूर्ण उघडून वर दुर्बीण लावावी आणि एका पायाला बोटाने टिचकी मारावी. चित्र एक-दोन सेकंदांत स्थिरावले तर घ्यावा. ज्यांना एवढाही खर्च नको त्यांनी आठ पट दाखवणारी, ८ बाय ४२ ची दुर्बीण वापरावी आणि कोपर अंगाला किंवा गुडघ्यांना टेकवून पाहावे. एका पायाचा मोनोपॉडही बराच भार घेतो. झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी पाहायला ट्रायपॉडचा उपयोग नाही. तिथे दुर्बीण हातातच धरावी, पण अर्ध्या मिनिटाने खाली घ्यावी.

नेताना आणि पाहताना

ट्रायपॉड एका खांद्यावर टाकून चालू नये. दोन्ही खांद्यांच्या पिशवीत पाठीलगत ठेवावा. दुर्बिणीचा गळ्यातला अरुंद पट्टा मानेला ओढतो. दोन्ही खांद्यांवरून पाठीत जाणारा पट्टा मिळतो, तो लावावा. दर वीस मिनिटांनी डोळे दुर्बिणीवरून काढून खांदे गोल फिरवावेत.

दुर्बीण आडवी फिरवताना सूर्याच्या दिशेला कधीही नेऊ नये, उगवतीला किंवा मावळतीलाही नाही. दुर्बिणीतून आलेला सूर्यप्रकाश क्षणार्धात डोळ्याचा पडदा जाळू शकतो. नातवंडे बरोबर असतील तर त्यांना हे आधी बजावावे.

मधुमेहींनी विशेष लक्ष द्यावे. पहाटे गोळी किंवा इन्शुलिन घेऊन न खाता बाहेर पडले आणि हात थरथरू लागले, घाम सुटला, तर दोष दुर्बिणीचा नसून रक्तातील साखर उतरलेली असते. लगेच तीन चमचे साखर खावी, पंधरा मिनिटांनी काहीतरी पोटभर खावे. खिशात साखरेची पुडी असल्याशिवाय घर सोडू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असतानाही हलत असेल, विशेषतः एकाच बाजूचा, आणि चालणे, बटणे लावणे मंदावले असेल, तर कंपवाताची तपासणी करून घ्यावी. कप उचलताना, सही करताना हात हलतो आणि घरात आईवडिलांनाही असे होते, तर तो बहुधा वेगळा, आनुवंशिक कंप असतो. त्यालाही औषध आहे. कंपाबरोबर वजन उतरणे आणि छातीत धडधड असेल तर थायरॉईड तपासावे.

मानेतून कळ हातात उतरणे, बोटे बधिर होणे, हातातून वस्तू पडणे, चालताना तोल जाणे ही मणक्याची लक्षणे आहेत. मालिश करून घेऊ नये, आधी तपासून घ्यावे. चालताना डावा खांदा किंवा हात दुखतो, थांबल्यावर बरे वाटते, सोबत घाम किंवा धाप लागते, तर ते दुखणे दुर्बिणीचे म्हणून अंगावर काढू नये. ते हृदयाचे असू शकते. दुखणे थांबूनही कमी होत नसेल तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

या लक्षणांपैकी काही नसेल, नुसते चित्र हलत असेल, तर भीतीपोटी घरी बसू नये. वर सांगितलेले गुरुजी खुर्ची आणि एक किलोचा ट्रायपॉड घेऊन पुन्हा जाऊ लागले आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आवडीचा छंद अचानक सोडला, तर मुलांनीही एकदा जवळ बसून कारण विचारावे. पुष्कळदा ते सांगायला त्यांना संकोच वाटत असतो.