तारसप्तकातला दोष कोणाचा?

जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून गायकीविषयी लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या ज्या यंत्रातून ऐकल्या, त्या यंत्राविषयी मात्र सहसा कोणी लिहीत नाही. मीही लिहिले नसते. पण काही वर्षांपूर्वी एका गायिकेची मोनो एलपी ऐकताना मी वहीत नोंद केली होती : ‘तारसप्तकात आवाज फाटतो.’ ती नोंद मला पुढे खोडावी लागली. ती का खोडली, हे सांगण्यासाठी हा लेख.

यंत्र होते क्वाड ३०३. इंग्लंडमधल्या हंटिंग्डन येथील अकूस्टिकल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९६७ मध्ये आणलेला हा ट्रान्झिस्टरवर चालणारा स्टीरिओ अँप्लिफायर. कंपनीचे संस्थापक पीटर वॉकर. त्यांचा १९५३ चा ‘क्वाड टू’ व्हॉल्व्हचा होता. ३०३ आठ ओहमच्या स्पीकरला प्रत्येक वाहिनीतून ४५ वॅट देतो. माझ्याकडे तो एका दिवंगत संग्राहकाच्या घरून, त्यांच्या एलपींबरोबर आला.

मोनो तबकडीवर दोन्ही वाहिन्यांत एकच ध्वनी असतो. म्हणून आवाज फाटायचाच, तर तो दोन्हीकडे फाटायला हवा. नोंद केल्यानंतर बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आले, की तो फक्त उजव्या बाजूला फाटतो. मी अँप्लिफायरच्या मागच्या इनपुटच्या तारांची अदलाबदल केली. दोष उजवीकडेच राहिला. म्हणजे सुई, तबकडी आणि प्रीअँप्लिफायर निर्दोष. मग स्पीकरच्या तारा बदलल्या. आता डावा स्पीकर फाटू लागला. म्हणजे उजवा स्पीकरही निर्दोष. उरली अँप्लिफायरची उजवी वाहिनी.

झाकण उघडण्यापूर्वी एक पथ्य. प्लग काढला म्हणजे यंत्र निर्धोक झाले, असे नव्हे. यातले मोठे कपॅसिटर वीज साठवून ठेवतात. २००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर ६७ व्होल्ट असतील, तर त्यात सुमारे साडेचार ज्यूल ऊर्जा असते. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची आपल्याकडची रीत वाईट. एक किलोओहम, पाच वॅटचा रेझिस्टर दोन्ही टोकांना दहा-पंधरा सेकंद धरावा आणि व्होल्टेज उतरल्याची खात्री मीटरने करावी. वीजपुरवठ्याच्या कपॅसिटरवर दाब याहून जास्त असतो, त्यामुळे तिथे जास्त वेळ धरावे.

पुन्हा वीज देतानाही घाई नको. मी १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तार तापणारा बल्ब सिरीजमध्ये लावतो. एलईडी चालत नाही. यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि यंत्र वाचते. ठीक असेल तर क्षणभर उजळून मंदावतो.

३०३ ची रचना समजून घेतली, की काम सोपे होते. रेग्युलेटर ६७ व्होल्टचा स्थिर पुरवठा देतो. प्रत्येक वाहिनीचा मध्यबिंदू त्याच्या निम्म्यावर, ३३.५ व्होल्टवर, ठेवायचा असतो. ध्वनीची लहर या बिंदूच्या वर-खाली झुलते. स्पीकरच्या वाटेवर एक मोठा कपॅसिटर आहे. तो स्थिर दाब अडवतो आणि फक्त झुलणारी लहर पुढे सोडतो. त्यामुळे एखादा ट्रान्झिस्टर निकामी झाला, तरी स्पीकर सहसा जळत नाही.

दोन्ही वाहिन्यांची सर्किटे एकसारखी आहेत. हा स्टीरिओ यंत्राचा दुरुस्तीतला सर्वांत मोठा फायदा. एक वाहिनी दुसरीची साक्षीदार असते. डावीच्या मध्यबिंदूवर ३३ व्होल्ट मिळाले, उजवीच्या मध्यबिंदूवर १६. लहरीला खाली झुलायला जागाच नव्हती. मंद आलापात काही कळत नसे. पण गायिकेने तारसप्तकात जोर लावला, की लहरीचा खालचा भाग कापला जाई. मी ज्याला आवाजाचे फाटणे म्हटले, ते हे कापणे होते.

कारण होते मध्यबिंदू ठरवणाऱ्या भागातला एक छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि विद्युतवाहक द्रवात भिजवलेला कागद. वर्षानुवर्षे बंद राहिल्याने थर कमकुवत होतो आणि वीज गळू लागते. उष्णतेने द्रव सुकतो आणि क्षमता घटते. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, हा ढोबळ नियम. स्पीकरच्या वाटेवरच्या २००० मायक्रोफॅरडची क्षमता निम्मी झाली, तर केवळ तो कपॅसिटर आणि आठ ओहम धरता, खर्जाची मर्यादा १० हर्ट्झवरून २० वर येते.

पहिल्या उत्साहात मी सगळेच भाग बदलायला निघालो होतो. ते टळले हे बरे झाले. एका वेळी एकच भाग बदलावा, आधी आणि नंतर मोजावे, आणि काढलेला भाग तारीख घालून पाकिटात ठेवावा. जुन्या पोथीवर काम करणारा जसा मूळ पाठ आणि मागाहून घातलेल्या ओळी वेगळ्या ठेवतो, तसेच हे आहे. माझ्या आधीच्या अनाम दुरुस्तीकाराने दोन रेझिस्टर बदलले होते, पण नोंद कुठेच नव्हती. कोणती किंमत मूळची, हे ठरवायला मला सर्किटचा नकाशा घेऊन एक अख्खी रात्र बसावे लागले.

देखभाल फारशी नाही. हवा खेळती ठेवावी, दर दोन-तीन महिन्यांनी तासभर चालवावे, वर्षातून एकदा ६७ आणि ३३.५ तपासावे. गुणगुण आली तर तिचा स्वर ओळखावा : ५० हर्ट्झची असेल तर बहुधा अर्थिंगची किंवा तारांच्या जोडणीची चूक, १०० ची असेल तर पुरवठ्याचे कपॅसिटर थकलेले.

कपॅसिटर बदलून, मध्यबिंदू जागेवर आणून मी तीच एलपी पुन्हा लावली. तान वर गेली आणि दोन्ही बाजूंनी सारखीच, स्वच्छ, खाली उतरली. वहीतली ओळ मी खोडली आणि शेजारी लिहिले : ‘उजवी वाहिनी, १६ व्होल्ट.’ त्या यंत्रावर ऐकून लिहिलेल्या बाकीच्या नोंदी आता पुन्हा तपासतो आहे. आतापर्यंत आणखी दोन खोडाव्या लागल्या आहेत.