पाच डॉलरचा नंदीबैल

माझ्या ऑफिसच्या डेस्कवर एक आजोबा उभे आहेत. उंची वीतभर. अंगात बेसबॉलची जर्सी, तोंडावर मास्क, हात चेंडू फेकायच्या पोझमध्ये. डोकं मात्र धडाच्या मानानं भलतंच मोठं! टिचकी मारली की मान डोलायला लागते. हो... हो... हो... थेट आपल्या गुबूगुबू नंदीबैलासारखी! शुक्रवारी सुट्टी मिळेल का? हो. अप्रेझल चांगलं होईल का? हो. क्लाएंट डेडलाइन पुढे ढकलेल का? होऽऽ! आमच्या फ्लोअरवरची मंडळी चहाला जाता जाता एक टिचकी मारून जातात. तेवढाच मनाला दिलासा.

नवा जॉइन झालेला प्रत्येक जण एकदा तरी विचारतोच, "हे कोण? अंपायर का?"

नाही बॉस. हे डॉ. अँथनी फाउची. कोविडच्या काळात रोज टीव्हीवर दिसणारे, अमेरिकेचे साथरोगतज्ज्ञ. आणि याच बाबांवरून माझं आणि माझ्या मावसबहिणीचं, म्हणजे ताईचं, आजवरचं सगळ्यात मोठं भांडण झालंय. कशावरून? पाच डॉलरवरून!

डोलणाऱ्या डोक्यांचा देश

भांडणाआधी थोडी ओळख. या प्रकाराला म्हणतात बॉबलहेड. धड एक, डोकं वेगळं, मध्ये स्प्रिंग. फंडा एवढाच. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. नंदीबैल आहे, शिवाय तंजावरची मान डोलावणारी बाहुली अनेकांच्या आजीच्या शोकेसमध्ये असायची. पण अमेरिकेत या खेळण्याचं लग्न लागलं ते बेसबॉलशी.

1960च्या दशकात तिथल्या बेसबॉल टीम्सची बॉबलहेड्स आली. जपानमध्ये, कागदाच्या लगद्यातून बनवलेली. गंमत म्हणजे सगळ्यांचा चेहरा एकच, फक्त जर्सी वेगळी! मिकी मँटल, विली मेज अशा मोजक्या स्टार्सच्या नावाच्या बाहुल्याही निघाल्या. मग ही क्रेझ ओसरली. ती परत आली 1999 साली. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी मे महिन्यात एका मॅचला आलेल्या प्रेक्षकांना विली मेजचं बॉबलहेड फुकट वाटलं आणि मग काय विचारता! 'आज मॅचला या, बॉबलहेड घेऊन जा' हा प्रत्येक टीमचा ठरलेला कार्यक्रम झाला. लोक मॅचसाठी कमी आणि बाहुलीसाठी जास्त रांगा लावायला लागले. मिलवॉकी शहरात तर 2019च्या फेब्रुवारीत बॉबलहेड्सचं चक्क म्युझियम उघडलं. नाव, 'नॅशनल बॉबलहेड हॉल ऑफ फेम अँड म्युझियम'. हजारो डोकी, सगळी डोलणारी!

आमचे आजोबा याच म्युझियमचे.

फसलेला चेंडू

2020च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या हॉस्पिटल्समध्ये मास्कची बोंब होती. तेव्हा या म्युझियमनं फाउचींचं पहिलं बॉबलहेड काढलं. सूट-टायमधलं. किंमत 25 डॉलर, त्यातले 5 डॉलर '100 मिलियन मास्क चॅलेंज'ला. अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनची ही मोहीम, डॉक्टर-नर्सेसना मास्क आणि बाकीची संरक्षक साधनं मिळावीत म्हणून. बाहुली अशी काही खपली की म्युझियमच्या विक्रीचे आधीचे सगळे रेकॉर्ड मोडले. मदतीचा आकडा बघता बघता एक लाख डॉलरच्या पुढे गेला.

मग आली 23 जुलै 2020. कोविडमुळे लांबलेला बेसबॉलचा सीझन त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये सुरू झाला. नॅशनल्स विरुद्ध यँकीज. स्टेडियम रिकामं. मॅचआधी पाहुण्यानं मानाचा पहिला चेंडू टाकायची तिकडे पद्धत आहे. आपण नारळ फोडतो ना, तसंच. त्या दिवशीचे पाहुणे होते 79 वर्षांचे फाउची. लाल मास्क लावून ते मैदानात आले, ऐटीत हात फिरवला आणि चेंडू... कॅचरच्या कितीतरी बाजूला, डावीकडे जाऊन पडला! अख्ख्या अमेरिकेनं हसून घेतलं. आणि लगेच त्या क्षणाच्या आठवणी विकतही घेतल्या. टॉप्स कंपनीनं काढलेल्या त्या चेंडूफेकीच्या कार्डाच्या 24 तासांत 51,512 प्रती खपल्या. म्युझियमनंही चेंडू फेकणाऱ्या फाउचींचं बॉबलहेड जाहीर केलं. पुन्हा तेच, 25 डॉलर, त्यातले 5 मास्कसाठी.

इथे माझी एंट्री.

ताईचा हिशेब

ताई तेव्हा न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स होती. एप्रिलमधला तिचा एक व्हिडिओ कॉल मी विसरू शकत नाही. गालांवर आणि नाकावर मास्कचे लालभडक वळ. एन-95 मास्क एकदा वापरून टाकायचा असतो, पण तिच्याकडे तोच परत परत वापरणं चाललं होतं. शिफ्ट संपली की कागदी पिशवीत घालायचा, पिशवीवर नाव लिहायचं, पुढच्या शिफ्टला तोच काढून लावायचा. "शाळेच्या डब्यासारखं रे," ती हसत म्हणाली होती. मावशी मात्र इकडे पुण्यात पदर तोंडाला लावून बसली होती.

मी घरात बसून लॅपटॉप बडवणारा माणूस. मी काय करणार होतो? टाळ्या वाजवल्या, दिवे लावले, स्टेटस टाकलं. जुलैमध्ये ते फाउची बॉबलहेड दिसलं आणि वाटलं, हेच! ताईचा वाढदिवसही जवळ आला होता. पत्ता तिचा, कार्ड माझं. साधारण पावणेदोन-दोन हजार रुपये, शिपिंग वेगळं. कन्फर्मेशनची मेल आली तेव्हा खरं सांगतो, कॉलर टाइट झाली होती. गिफ्टही झालं, समाजकार्यही झालं!

पार्सल तिच्या हातात पडायला बरेच महिने गेले. फोन आला. मला वाटलं, खूश असेल.

"यातले मास्कला किती गेले?"

"पाच डॉलर."

"आणि बाकीचे वीस?"

"अगं, बाहुली बनवायला लागतात ना..."

"म्हणजे वीस डॉलरची बाहुली आणि पाच डॉलरची मदत. मला बाहुली हवी होती का? सगळे पंचवीस का नाही दिलेस?"

मी गप्प. मग मलाही राग आला. म्हटलं, मी निदान काहीतरी केलं! त्यावर ती जे बोलली ते लागलं. "तू काही केलं नाहीस रे. तू शॉपिंग केलीस."

फोन ठेवला. मग पंधरा दिवस आम्ही बोललो नाही.

जिमीचा टीव्ही

भांडणात हरलेला माणूस काय करतो? पुरावे शोधतो. बेसबॉल आणि आजारी माणसांसाठीची मदत, हे नातं कुठून आलं हे शोधताना मला जिमी सापडला.

मे 1948, बोस्टन. कॅन्सर झालेला बारा वर्षांचा एक मुलगा हॉस्पिटलच्या खाटेवर. रेडिओवरच्या एका लोकप्रिय शोनं त्याच्याशी लाइव्ह गप्पा मारल्या. खरं नाव कळू नये म्हणून त्याला 'जिमी' म्हटलं. आवडती टीम? बोस्टन ब्रेव्ह्ज. आवडते खेळाडू कोण? तो एकेकाचं नाव घेत गेला आणि ते ते खेळाडू त्याच्या खोलीत शिरत गेले! शेवटी निवेदकानं श्रोत्यांना आवाहन केलं, जिमीला मॅच बघायला टीव्ही हवाय, पैसे पाठवा. लोकांनी इतके पाठवले की त्या पहिल्या मोहिमेत दोन लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. टीव्ही तर आलाच, पण त्यातून उभा राहिला 'जिमी फंड', मुलांच्या कॅन्सरवरच्या उपचार आणि संशोधनासाठी.

यामागचे डॉक्टर होते सिडनी फार्बर. मुलांच्या ल्युकेमियावर त्यांनी वापरलेलं अमिनोप्टेरिन हे औषध ज्यांच्या लॅबमधून आलं, ते संशोधक मात्र आपले. आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव! 1953 मध्ये ब्रेव्ह्ज टीम बोस्टन सोडून गेली, तेव्हा जिमी फंडाची जबाबदारी रेड सॉक्स टीमनं उचलली, ती आजतागायत. आणि ब्रेव्ह्ज गेले कुठे? मिलवॉकीला! जिथे आता माझ्या बाहुलीचं म्युझियम आहे.

आणि जिमी? सगळ्यांना वाटलं होतं, तो लहानपणीच गेला असेल. 1998 मध्ये कळलं की तो चांगला साठी ओलांडून ठणठणीत आहे. खरं नाव आयनार गुस्ताफसन. 2001 मध्ये तो गेला.

मी ताईला लांबलचक मेल लिहिली. मुद्दा एकच. 'कॅन्सर संशोधनासाठी पैसे द्या' असं कुणी म्हटलं असतं तर किती जणांनी दिले असते? एका पोराला टीव्ही हवाय म्हटल्यावर सगळ्यांनी दिले. माणसाला निमित्त लागतं. डोळ्यांना दिसणारं, हातात धरता येणारं. पूर्वी आपल्या ऑफिसांत युनिसेफची ग्रीटिंग कार्डं यायची, ती आपण का घ्यायचो? माझ्यासारख्या आळशी माणसाच्या खिशातून मास्कसाठी पाच डॉलर काढायला एक डोलणारं डोकं लागलं, हे खरं. पण ते नसतं तर पाचही गेले नसते, हेही खरंच ना?

तिचं उत्तर दोन ओळींचं. "पटलं. पण जिमीचा टीव्ही हे निमित्त होतं. तुझी बाहुली हा माल होता. वीस डॉलर बाकी आहेत."

खरेदी की मदत?

यावर मी खूप विचार केला आणि मला वाटतं, दोघंही बरोबर होतो. 'यातला काही भाग चॅरिटीला' असं लिहिलेली वस्तू घेण्यात वाईट काहीच नाही. वाईट आहे ती नंतरची कॉलर टाइट. पाच दिले आणि पंचवीसचं पुण्य खात्यात जमा केलं, ही चीटिंग आहे, आणि ती दुकानदाराची नाही, आपली.

तेव्हापासून टी-शर्ट असो, मग असो की दिवाळीच्या पणत्या, मी आधी तीन गोष्टी बघतो. एका नगामागे नेमके किती रुपये जाणार? नुसतं 'काही भाग' लिहिलं असेल तर तो भाग किती हे विचारायचं. दुसरं, कोणत्या संस्थेला? नाव हवं. आणि तिसरं, कधीपर्यंत आणि कितीपर्यंत, काही मर्यादा आहे का? या बाबतीत म्युझियमला मानलं पाहिजे. 25 मधले 5 आणि कुणाला, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून उघड सांगितलं होतं. हिशेब लपवलेला नव्हता. मीच वाचून न वाचल्यासारखं केलं होतं.

चौथी गोष्ट फक्त माझी. वस्तू घेतली की उरलेली रक्कम दुसऱ्या कुठल्यातरी हॉस्पिटलच्या गरीब रुग्णांच्या निधीला थेट पाठवायची. मी त्याला 'ताई टॅक्स' म्हणतो. खिशाला चटका बसतो, त्यामुळे नको ती शॉपिंगही आपोआप कमी होते. डबल फायदा!

आणि बाहुली?

ताईनं ती फेकून दिली असेल असं मला वाटलं होतं. 2023च्या दिवाळीत ती पुण्याला आली आणि बॅगेतून टॉवेलमध्ये गुंडाळलेले आजोबा बाहेर काढले. जर्सीचा रंग उडालेला, एक कोपरा टवकलेला. तेव्हा कळलं, इतके दिवस ते तिच्या वॉर्डमधल्या नर्सेसच्या टेबलावर होते. शिफ्टला जाताना प्रत्येक जण टिचकी मारून जायचा. आजचा दिवस बरा जाईल का? हो.

"जायचा का बरा?" मी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "2021च्या जानेवारीत तर एका रात्रीत तिघं गेले. पहाटे मी त्या टेबलापाशी बसले होते आणि उगाचच टिचकी मारली. तो आपला हो हो करत राहिला. इतकी रडले की विचारू नकोस. पण मग उठले आणि पुढच्या राउंडला गेले."

मी काहीच बोललो नाही. काय बोलणार?

"आता तिथे याची गरज नाही," बाहुली माझ्या हातात देत ती म्हणाली. "तू ठेव. आणि वीस डॉलर?"

"दिले गं. केव्हाच दिले."

तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं, मग आजोबांना एक टिचकी मारली. आजोबांनी मान डोलावली. तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.