चालू हॉटेलची विक्री

आपल्याकडे ‘हॉटेल’ हा शब्द मुक्कामाच्या जागेपेक्षा चहा-भजी व राइसप्लेट मिळण्याच्या जागेलाच अधिक लावतात. मीही तो त्याच अर्थाने वापरणार आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर, पनवेल ह्या पट्ट्यात अशी हॉटेले सतत हात बदलत असतात. पाटी तीच राहते, सांबाराची चवही काही दिवस तीच राहते. फक्त गल्ल्यावरचा माणूस निराळा दिसू लागतो.

हा व्यवहार जमविणारा दलाल घरांच्या दलालाहून वेगळा. कोणाचे भागीदार भांडले, कोण दमला, कोण गावी परतण्याच्या विचारात आहे, ह्याची खबर त्याला आधी लागते. विकणाऱ्याला आपला बेत गुप्त ठेवावयाचा असतो. तो फुटला तर वाणी आणि दूधवाला उधारी मागावयास दारात उभे राहतील व चांगला आचारी दुसरीकडे जाईल, ही त्याची धास्ती. दलालाचे मोल ह्या गुप्ततेत आहे. आणि पुढे सांगणार आहे ती अडचणही तिच्यातूनच उपजते.

विकले जाते ते काय? भिंती बहुधा नव्हेत. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने येथले भूखंड साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले, व हस्तांतरास तिची परवानगी आणि शुल्क ही लागत आली. शिवाय पुष्कळ हॉटेलवाले गाळ्याचे मालकही नसतात; ‘लीव्ह अँड लायसन्स’वर बसलेले असतात. तो करार लेखी व नोंदलेला असावा, असे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सांगतो. तेव्हा गाळेवाला नव्या माणसाला ठेवणार की नाही, हे लेखी घेतल्यावाचून बयाणा देणे म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीवर आपली मोट बांधणे होय. अन्नपदार्थांच्या परवान्याची तजवीज नव्या मालकाने आपल्या नावे करावी. परमिट रूम असेल तर सरकारी मंजुरीवाचून ती हातची हाती देता येत नाही.

मग उरते ते भट्टी, टेबले, नाव आणि गिऱ्हाईक. ह्या शेवटच्या दोहोंची किंमत रोजच्या गल्ल्यावरून ठरते. गल्ला फुगविता येतो, म्हणून जाणता खरीदार आपला माणूस आठ-पंधरा दिवस काउंटरवर बसवितो. त्याहूनही खरी साक्ष गॅसच्या टाक्यांची आणि दुधाच्या रतिबाची. चहाचे पैसे वहीत वाढविता येतात, पण दूध कोणी उगाच ओतून देत नाही.

विक्रीचा एक चुलतभाऊ आहे, त्याला ‘कंडक्टिंग’ म्हणतात. परवाने जुन्याच्या नावे राहतात, धंदा दुसरा चालवितो आणि दरमहा ठरीव रक्कम मोजतो. कागदावर एक मालक, भटारखान्यात दुसरा. पगार थकला की एक दुसऱ्याकडे बोट दाखवितो. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत पहिला प्रश्न पुष्कळदा हाच असतो, की ‘साहेब, आमचा शेठ नक्की कोण?’

आणि आता मुख्य मुद्दा. सौद्यात खुर्च्या मोजतात, पंखे मोजतात. माणसांची सेवा कोणी मोजीत नाही. हा प्रश्न जुना आहे. मिरजेपासून लातुरापर्यंत धावणारी बार्शी लाइट रेल्वे १९५४ साली सरकारने कंपनीकडून घेतली. कंपनीने कामगारांची सेवा संपविली. त्यांपैकी पुष्कळांना सरकारने पुन्हा घेतले. नुकसानभरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि धंदा हस्तांतरित होताना सेवा संपणे ही ‘कपात’ नव्हे, असा निकाल २७ नोव्हेंबर १९५६ रोजी लागला. कामगार हरले; पण संसदेने १९५७ साली कायदा सुधारून तो निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून लागू केला. तेव्हापासून नियम असा, की सेवा अखंड मानून, पूर्वीहून कमी नसलेल्या शर्तींवर नव्या मालकाने कामगार ठेवावेत. नाहीतर त्यांना नोटीस व कपातीइतकी भरपाई मिळावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, तरी तत्त्व कायम आहे.

हिशेब मांडून पाहू. चौदा माणसांच्या हॉटेलात सहाजण बारा वर्षांचे जुने, पगार दरमहा १८,००० रुपये. वर्षाला पंधरा दिवसांप्रमाणे प्रत्येकाची भरपाई सहा महिन्यांचा पगार, म्हणजे १,०८,००० रुपये. ग्रॅच्युइटी, महिन्याचे सव्वीस दिवस धरून, सुमारे १,२४,६०० रुपये. सहाजणांचे मिळून जवळजवळ चौदा लाख झाले. माणसे सेवेत राहिली तर ही रक्कम त्या दिवशी द्यावी लागत नाही. पण बारा वर्षांचे ओझे खरीदाराच्या डोक्यावर येते. दलालाने सांगितलेल्या किमतीत ते धरलेले नसते.

म्हणून मी खरीदारांनाही सांगतो (ते मला विरोधी पक्ष समजतात, तरी सांगतो), की कराराला कामगारांची यादी जोडा. नाव, रुजू झाल्याची तारीख, पगार, शिल्लक रजा, भविष्यनिर्वाह निधीची थकबाकी, आणि त्यांतले कोणी काय फेडावयाचे ते. अशी यादी जोडलेले करार मी आजवर दोनच पाहिले. दोन्ही वेळा किंमत थोडी उतरली. सौदा मात्र मोडला नाही.